ड्रमातलं जिवाणू

खडकवाडीत दगडाबाईच्या अंगणात पाऊल टाकण्याआधी माणूस एकदा आपल्या चपलांकडं बघायचा. बाई बोलायची नाही, नुसती खराट्याकडं नजर टाकायची. तेवढं पुरायचं. तिनं घासलेल्या तांब्यात तोंड बघून गावातल्या दोन नवऱ्या मुलींनी कुंकू लावलं होतं असं लोक सांगत. त्यातलं निम्मं खोटं धरलं तरी उरलेलं निम्मं कमी नाही.

आणि घट बसायच्या आधीचे दिवस आले की या बाईच्या अंगात यायचं. आपल्याकडं त्याला दसरा काढणं म्हणतात. बाहेरगावच्या पाहुण्याला ते कळत नाही. तो म्हणतो, दसऱ्याला अजून अवकाश आहे, तुम्ही तो काढता कुठून? तर घरातली चिंधी न् चिंधी, वाकळा, डबे, पाट, कणगीखालच्या विटासुद्धा बाहेर काढायच्या, धुवायच्या आणि उन्हात घालायच्या, याचं नाव दसरा काढणं. देवी यायची तर घर कसं लख्ख पाहिजे. त्या दिवसांत खडकवाडीतून नुसती चक्कर मारली तरी अंगाला साबणाचा वास लागतो.

दगडाबाईच्या घरात यंदा एक वस्तू मात्र नवी होती. गोठ्याच्या जागेवर सिमेंटचं गोल टाकं बांधलेलं होतं आणि त्यात चिलापी मासे होते. ते तिच्या सुनेनं, राजेश्वरीनं पाळलेले. राजेश्वरी उमरग्याची पोर. सरकारी प्रशिक्षण घेऊन आली आणि म्हणाली, आत्या, मला मासे पाळायचेत. गावानं पोट धरधरून हसून घेतलं. "टँकरचं पाणी पिणाऱ्यांनी मासे पाळायचे व्हय?" असं पारावर कुणी म्हणालं, तेव्हा दगडाबाई खराटा हातात घेऊन पारापर्यंत गेली होती. "तुमच्या घरी पाणी मागाया आलो की मग बोला," म्हणाली. सुनेवर तिचा जीव होता. शिवाय माशाला राख-साबण लागत नाही, तो जन्मभर आंघोळीतच असतो, ही गोष्टही तिला मनापासून पटली होती.

तिचा मुलगा कृष्णराज मात्र टाक्याकडं वाकड्या नजरेनं बघायचा. त्याला तिथं म्हशी हव्या होत्या. त्यानं बायकोला स्पष्ट सांगितलं होतं, "एक पीक बघू. मासे निघाले तर टाकं तुझं. मेले तर टाकं फोडायचं आन म्हशी बांधायच्या. मग पुन्यांदा बोलायचं न्हाय." ते एक पीक आता तयार होत आलं होतं. दसरा झाला की उमरग्याचा व्यापारी बब्रुवान टेम्पो घेऊन येणार होता. राजेश्वरी रोज टाक्याच्या कडेला बसून माशांशी बोलायची, आणि दगडाबाई ते दारातून बघून मनातल्या मनात तिच्यावरून मीठमोहऱ्या उतरवायची.

टाक्याच्या बाजूला दोन निळे ड्रम होते. मोटार टाक्यातलं पाणी उचलून त्या ड्रमांत टाकायची, आत विटांचे तुकडे भरलेले होते, त्यांतून झिरपून पाणी परत टाक्यात यायचं. त्याशिवाय पाण्यात हवा सोडणारं एक मशीन, एवढंच काय ते यंत्र.

घट बसायला दोन दिवस राहिले असताना राजेश्वरीच्या माहेराहून निरोप आला, आई आजारी आहे. लोहाऱ्यावरून उमरग्याला जाणारी जीप वेशीत उभी राहून हॉर्न वाजवत होती. राजेश्वरी पिशवी घेऊन पळता पळता ओरडली, "आत्या, माशांना खाद्य तेवढं टाका! आन त्या ड्रमाला हात लावू नका, त्यात जिवाणू हायत!"

जीप गेली. दगडाबाई मात्र जागच्या जागी उभी राहिली.

आता इथं शिकलेल्या माणसानं हसू नये. शाळेच्या पुस्तकात जिवाणू म्हणजे डोळ्याला न दिसणारा बारीक जीव. पण दगडाबाईच्या तोंडी, तिच्या आईच्या आणि आजीच्या तोंडी जिवाणू म्हणजे साप. दिवेलागणीनंतर सापाचं नाव घेऊ नये म्हणून बायका म्हणतात, "जपून जा गं, गवतात जिवाणू आसंल." तेव्हा तिला जे कळलं ते सरळ होतं. ड्रमात साप आहेत, एक नव्हे, अनेक. आणि तिची भोळी सून ते तसेच ठेवून माहेरी गेली आहे.

"आगं बया," ती म्हणाली, "घट बसायचेत आन दारात जिवाणू?"

तिनं पदर खोचला. मोटार बंद केली. लांब काठीनं एकेक विटकर उचकटून बाहेर काढली. साप निघाला नाही. पण जे निघालं त्यानं तिला सापाहून जास्त शिसारी आली. प्रत्येक विटकरीवर तपकिरी, बुळबुळीत, शेंबडासारखा थर होता. माझ्या दारात, आणि एवढी घाण! मग काय विचारता. ग्रामपंचायतीच्या विहिरीत टाकायची ब्लिचिंग पावडर शिपायाकडून मागून आणली, त्या पाण्यात विटकरी बुडवल्या, काथ्यानं घासल्या, बोअरच्या पाण्यानं खळखळून धुतल्या आणि दिवसभर कडक उन्हात वाळवल्या. दुसऱ्या दिवशी ड्रम भरले तेव्हा विटकरी नव्या नवरीच्या साडीसारख्या लाल दिसत होत्या. सून आल्यावर काय म्हणेल, या विचारानं दगडाबाईला त्या दिवशी जेवणही दोन घास जास्त गेलं.

राजेश्वरी घटस्थापनेच्या सकाळी आली. आईचा ताप उतरला होता म्हणून खुशीत होती. टाक्याजवळ गेली आणि पिशवी तिच्या हातातून खाली पडली. मासे वर आले होते. शेकडो तोंडं पाण्याच्या वर, उघडझाप, उघडझाप. एक-दोन आडवे होऊन तरंगत होते.

"आत्या, काय झालं हो?"

"कुठं काय? म्या ड्रम धुतले की. जिवाणू न्हाय सापडलं, पळालं आसंल. पर घाण लई व्हती बघ." दगडाबाईनं अभिमानानं ड्रमाचं झाकण उचललं.

राजेश्वरीनं आत बघितलं. मग ती भिंतीला टेकून खाली बसली. रागावली नाही, ओरडली नाही. दगडाबाईला ती ओरडली असती तर बरं वाटलं असतं. पोरीनं एका काचेच्या नळीत टाक्यातलं पाणी घेतलं, त्यात बाटलीतले थेंब टाकले आणि नळी उजेडात धरली. पाणी पिवळं राहायला हवं होतं. ते गर्द हिरवं झालं.

"इख हाय हे," ती म्हणाली. "माशांचंच. मासे जे खातात, हगतात, मुततात, त्याचा अमोनिया होतो. मुतारीत नाकाला झोंबतो बघा, तोच. त्या विटकरीवर जिवाणू व्हते आत्या. साप न्हाय हो. बारीक जीव, डोळ्याला न दिसणारे. एका जातीचे जिवाणू ते इख खातात आन त्याचं नायट्राइट करतात. ते बी इखच. मग दुसऱ्या जातीचे ते नायट्राइट खातात आन त्याचं नायट्रेट करतात. ते माशाला बाधत न्हाय, आन झाडाला तर खतच. आपला झेंडू ह्याच पाण्यावर तर एवढा आलाय."

"म्हंजे ती घाण..."

"ती घाण न्हवती. ते माझे गडी व्हते. दोन महिने लागले त्यांना विटकरीवर वस्ती कराया."

दगडाबाईनं झाकण हळूच परत ड्रमावर ठेवलं. करायला गेली काय आणि झालं काय! जन्मभर जिला घाण म्हणून मारलं, ती आज मेली आणि जाताना सुनेचं सगळं घेऊन चालली. कृष्णराजचे म्हशीबद्दलचे शब्द तिला आठवले. तो शेतावर होता, दुपारी येणार होता.

"मग इकून टाकू," ती घाईनं म्हणाली. "बब्रुवानला आजच बोलव."

राजेश्वरीनं फोन लावला. बब्रुवान पलीकडून चकितच झाला. "ताई, घट बसले आज! तुळजापूरच्या वाटंवर अनवाणी माणसं चाललीत, आन नऊ दिवस मासळीला कोण हात लावणार? दसऱ्यानंतर बोला." फोन ठेवला. म्हणजे मासे विकता येणार नव्हते, खाता येणार नव्हते, त्यांना जगवावंच लागणार होतं.

पाणी बदलावं तर बोअर घटकाभर चालून धापा टाकायची. थोडं बदललं. खाद्य बंद केलं. हवेचं मशीन रात्रंदिवस चालू ठेवायचं ठरलं. "पर गडी पाह्यजेत," राजेश्वरी म्हणाली. "कुठं तरी जुनं, साचलेलं, बुळबुळीत, जितं शेवाळ पाह्यजे. ज्या पाण्यात जनावरं तोंड घालतात, मासे हायत, आन जे कधी कुणी घासलं न्हाय, आसं."

दगडाबाई उठली. घाण कुठं आहे, हे खडकवाडीत तिच्याइतकं कुणाला माहीत असणार? चाळीस वर्षं तिनं त्या घाणीशी वैर केलं होतं. ती आधी पाटलांच्या हौदाकडं गेली. हौद घासून चुना मारलेला. मारुतीच्या मागची, जनावरांच्या पाण्याची दगडी डोणी बघितली, तिचा तळ दिसत होता. सुताराची, तेल्याची, शाळेची, सगळ्यांची टाकी लख्ख. सगळ्या गावानं दसरा काढला होता! बायका दारात उभ्या राहून तिला कौतुकानं दाखवत होत्या, "बघा मावशी, तुमच्यासारखंच घासलंय." ज्या गावाला तिनं टोमणे मारमारून स्वच्छ केलं, त्या गावात आज ओंजळभर घाण मिळेना. हसावं की रडावं?

एकच घर राहिलं होतं आणि तिचे पाय तिकडं वळत नव्हते.

ते तिच्या थोरल्या जावेचं, कमलबाईचं घर. भिंतीला भिंत, पण वाटण्या झाल्यापासून दोघींत बोलणं नव्हतं. बोलणं बंद व्हायला दगडाबाईच कारण. कमलबाईच्या म्हशींच्या हौदाकडं बघून तिनं सगळ्या पाणवठ्यावर म्हटलं होतं, "तिच्या हौदातलं पाणी प्याली तर म्हस बी बाटंल." ते बोलणं गावानं उचललं. लोक कमलबाईला मागून हौदबाई म्हणू लागले. कमलबाईनं काही उत्तर दिलं नाही. हौदही घासला नाही.

अडला हरी गाढवाचे पाय धरी, असं दगडाबाई स्वतःशीच पुटपुटली. आणि यातलं गाढव आपण आहोत की ती, हे काही तिला नक्की ठरवता येईना. पण मागं भिंतीला टेकून बसलेल्या पोरीचा चेहरा डोळ्यांपुढून हलत नव्हता. ती कमलबाईच्या अंगणात शिरली.

कमलबाई म्हशीच्या पाठीवरून हात फिरवत उभी होती. अंगणात शेण, कडबा, कोंबड्या. आणि मधोमध तो हौद. दगडी, हिरवा-तपकिरी, कडेनं मऊ मखमली थर चढलेला, आत डासांसाठी आरोग्यवाल्यांनी सोडलेले गप्पी मासे पळत होते.

"अक्का," दगडाबाई म्हणाली. तो शब्द एवढ्या वर्षांनी तोंडातून येताना खरडला.

कमलबाईनं वळून बघितलं. "कोण, दगडा? वाट चुकलीस का?"

"न्हाय. तुमच्याकडंच आले. मला... जरा पाह्यजे व्हतं."

"काय पाह्यजे?"

"घाण."

"कसली?"

"तुमच्या हौदातली."

कमलबाई म्हशीला सोडून दोन पावलं पुढं आली. "पुन्हा म्हण. मला नीट ऐकू न्हाय आलं."

दगडाबाईला रडू फुटलं. मग तिनं सगळं सांगितलं. जिवाणू, साप, ब्लिचिंग, हिरवं पाणी, कृष्णराज, म्हशी, सगळं एका दमात. सांगताना पदर तोंडाला लावलेला. कमलबाई ऐकत राहिली. तिच्या ओठांच्या कडेला हसू आलं, पण ते झोंबणारं नव्हतं.

"मी हौद का घासला न्हाय, ठावं हाय का तुला?" ती म्हणाली. "घासायचा तर आधी पाणी फेकावं लागतं. दुष्काळात चार कोस चालून घागरी आणल्यात म्या. तवापासनं माझ्या हातनं पाणी फेकवत न्हाय. वरनं भर घालते, बस. तू मला घाणेरडी म्हणालीस. म्हण बाई. पर पाणी न्हाय फेकलं म्या."

दगडाबाईनं तोंडावरचा पदर खाली घेतला. ती नुसती म्हणाली, "चुकलं माझं."

"ते तर चुकलंच. आता रडू नको, घमेलं आण." कमलबाईनं साडी गुडघ्यापर्यंत खोचली. "पर एक सांगते. माझी घाण म्या कुणाच्या हाती देत नसते. म्या सवता घेऊन येणार."

हौदाच्या तळाला वर्षानुवर्षं पडलेले दगड आणि कौलांचे तुकडे होते. दोघींनी ते एकेक करून काढले. राजेश्वरीनं बजावलं होतं, वाळू द्यायचे नाहीत, धुवायचे नाहीत. म्हणून हौदाच्याच पाण्यात भिजवलेल्या गोणपाटात गुंडाळले. आणि मग खडकवाडीनं ते दृश्य बघितलं. एकमेकींचं तोंड न बघणाऱ्या दोन जावा, डोक्यावर घमेली, घमेल्यांतून हिरवं पाणी गालांवर ओघळतंय, आणि पुढं दगडाबाई, जी चिखल दिसला तरी रस्ता बदलायची! घासलेल्या उंबऱ्यांमागं बायका तोंडावर हात ठेवून उभ्या. कुणीतरी विचारलं, "मावशी, हे काय गं?" दगडाबाई मान न वळवता म्हणाली, "गडी आणलेत. बाजूला व्हा."

ते दगड ड्रमांत गेले. मोटार चालू झाली. कृष्णराज दुपारी आला, त्यानं सगळं ऐकलं आणि म्हणाला, "बघू." त्याच्या बघूचा अर्थ तिघींनाही कळला. त्यानं म्हशी बांधायला दावी विकत आणलेली होती.

मग ते नऊ दिवस. घरात देवीपुढं घटातलं धान उगवत होतं आणि बाहेर टाक्यात मासे मरण आणि जगणं यांच्या मधल्या पायरीवर उभे होते. रोज थोडे मेले. राजेश्वरी ते मुकाट्यानं काढायची. उपवासाच्या दगडाबाईला ते बघवत नसे, तरी ती तिथून हलायची नाही. चौथ्या माळेला नळीतला हिरवा रंग फिका झाला आणि राजेश्वरीनं टाळी वाजवली. पण तिनं दुसऱ्या बाटलीचे थेंब टाकले आणि तेवढ्यात तिचा चेहरा उतरला. फिकं निळं राहायला हवं होतं ते पाणी आता जांभळं झालं होतं.

"पहिले गडी कामाला लागले," ती म्हणाली. "अमोनियाचं नायट्राइट केलं त्यांनी. पर दुसऱ्या जातीचे अजून कमी हायत. हे इख माशाचा श्वास कोंडतं."

"मग?" दोघी जावा एकदम म्हणाल्या.

"मीठ. जाडं मीठ टाकलं की इख माशाच्या अंगात कमी शिरतं. तवर गड्यांना वाढू द्यायचं. धीर धरायचा."

धीर! दगडाबाईच्या आयुष्यात तिनं कधी कशावर धूळ बसायची वाट बघितली नव्हती. आता ती रोज सकाळी उठून ड्रमात डोकावायची आणि लाल विटकरींवर तपकिरी डाग पडलाय का ते शोधायची. जिथं दिसायचा तिथं तिचा जीव भांड्यात पडायचा. कमलबाई रोज हौदातलं तांब्याभर पाणी घेऊन यायची आणि ड्रमात ओतायची. "माझ्या गड्यांना घरची आठवण नको याया," म्हणायची. तिच्यासाठी दगडाबाई पाट मांडायची. दोघी टाक्याच्या कडेला बसायच्या, आधी गप्प, मग कुणाची सून कशी, कुणाची म्हस किती, असं करत जुन्या वाटण्यांपर्यंत पोचायच्या, आणि तिथून परत फिरायच्या.

खंडेनवमीच्या सकाळी, कृष्णराजनं अवजारं धुवून पूजेला मांडली होती, तेव्हा राजेश्वरीनं नळी उजेडात धरली. जांभळं नाही. आभाळाच्या रंगाचं पाणी. दुसरी नळी पिवळी. तिनं पुन्हा केलं. पुन्हा तेच. मग तिनं माशांच्या खाद्याची मूठ भरली आणि टाक्यात फेकली.

टाकं उकळल्यासारखं उसळलं! एवढे दिवस मेल्यागत पडलेले मासे एकमेकांच्या अंगावरून झेपावत होते, शेपट्या पाण्यावर आपटत होत्या, पाणी उडून कृष्णराजच्या पुजलेल्या नांगरावर पडलं. तो धावत आला. काठावर उभा राहून बघत राहिला. मग बायकोकडं न बघता म्हणाला, "टाकं लहान पडंल तुला. पल्याड जागा हाय अजून." राजेश्वरी तोंड फिरवून हसली आणि हसता हसता डोळे पुसू लागली. दगडाबाईनं तिला जवळ ओढलं आणि सगळ्यांदेखत तिच्या तोंडावरून हात फिरवून आपल्या कानशिलावर बोटं मोडली. आनंदानं तिचा ऊर भरून आला होता आणि ते लपवायची तिला काही गरज वाटली नाही.

दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी बब्रुवानचा टेम्पो आला. गाव गोळा झालं. जाळ्यातून मासे उड्या मारत निघत होते आणि पारावरची माणसं आता त्यांची जात, वजन, चव यांवर अशी बोलत होती जणू तेच राजेश्वरीला शिकवून मोकळे झालेत. बायकांच्या घोळक्यात कमलबाई मागं उभी होती, सवयीनं.

पाटलीणबाई ड्रमाकडं बोट दाखवून नाक मुरडत म्हणाली, "अगं दगडाबाई, तुझ्या दारात ही एवढी घाण कुणाची गं?"

बायका दोन पावलं मागं सरकल्या. सगळ्यांना माहीत होतं, स्वच्छतेवरून दगडाबाईला बोलणं म्हणजे आगीशी खेळणं. दगडाबाईनं मागं जाऊन कमलबाईचा हात धरला, तिला ओढत सगळ्यांच्या पुढं आणलं आणि टेम्पोवाल्यालाही ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "आमच्या अक्काची. आन कुणाला पाह्यजे आसंल तर रांगंत या, चपला काढून."